कॅथलिक शाळेचा खर्च दरवर्षी भागवायचा कसा: फी, पॅरिश, देणगी, सरकार, सगळं एकेक करून

शाळेची तिजोरी रिकामी झाली की कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिलं वाक्य काय येतं तर "एक फन-फेअर घेऊया". फन-फेअर घ्या, हरकत नाही, पण त्यातून फार तर बेंच येतील, शिक्षकांचे पगार नाही. म्हणून आधी ही अडचण मुळात आली कुठून ते बघू.

कॅथलिक शाळा जगभर बऱ्याच काळ सिस्टर आणि ब्रदर (धार्मिक व्रत घेतलेले स्त्री-पुरुष) लोकांच्या जवळजवळ फुकट श्रमांवर चालल्या. अमेरिकेचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि तिथे ठरलं की प्रत्येक पॅरिशला (म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहाला) शाळा हवी, मग शाळा इतक्या वाढल्या की १९६५ च्या आसपास त्यात साधारण ५२ लाख मुलं होती, आणि आज हा आकडा १७ लाखांच्या जवळपास आहे. मधल्या काळात व्रतस्थ शिक्षक घटत गेले, आज शिकवणारे जवळपास सगळेच सामान्य नोकरदार आहेत, त्यांना पूर्ण पगार लागतो, निवृत्तीचे पैसे लागतात, आजारपणाचा विमा लागतो. म्हणजे ती जुनी "स्वस्त" शाळा स्वस्त कधीच नव्हती, फक्त बिल सिस्टर भरत होत्या. ते बिल आता कुणी भरायचं हे बऱ्याच ठिकाणी अजून ठरलेलंच नाही.

माझं सगळं म्हणणं एका नियमात बसतं आणि पुढचं त्यावरच उभं आहे: दरवर्षी होणारा खर्च दरवर्षी येणाऱ्या पैशातूनच भागवायचा, आणि एकदाच मिळालेला पैसा एकदाच होणाऱ्या कामाला लावायचा. छपराला देणगी चालते, पगाराला नाही.

पायरी १: एका मुलामागे खरा खर्च काढा

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक शाळा ते अर्धवटच करतात. वर्षाचा खर्च भागिले मुलं, झालं, असं नसतं. इमारत पॅरिशची आहे म्हणून भाडं शून्य धरलेलं असतं, फादर मॅनेजर आहेत म्हणून त्यांच्या वेळेचे पैसे शून्य, सिस्टर मुख्याध्यापिका आहेत म्हणून पगार निम्मा, आणि गळणारं छप्पर दोन वर्षं पुढे ढकललंय म्हणून दुरुस्तीही शून्य. हे सगळं कागदावर आणा. सिस्टरांचा पगार बाहेरच्या शिक्षकाइतका धरा कारण उद्या त्यांची बदली झाली की तेवढाच द्यावा लागणार आहे. इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्या किती वर्षांनी येतात बघून त्याचा दरवर्षीचा वाटा लावा. शिक्षकांची निवृत्तीची देणी असतील तर तीही घ्या, ही रक्कम बघून कमिटीतले दोन जण गप्प बसतील पण बघायला हवीच.

मग तीन आकडे शेजारी शेजारी लिहा, एका मुलामागे खरा खर्च, एका मुलामागे प्रत्यक्ष हातात येणारी फी (ठरलेली नाही, जमा झालेली), आणि दोन्हीतला फरक. समजा खर्च १०० धरला आणि फी ६२ येते तर ३८ कुठून येतात याचं उत्तर प्रत्येक ट्रस्टीला पाठ पाहिजे. हा फरक पालकांनाही सांगा, फीच्या पावतीवर एक ओळ छापा की मुलामागे खर्च इतका, तुमची फी इतकी, उरलेले इथून येतात. पालक चिडतात असं वाटतं, पण बऱ्याच पालकांना वाटत असतं की शाळा नफ्यात आहे आणि पैसे चर्चमध्ये जातात, तो गैरसमज तरी जातो.

पायरी २: रिकामी बाकं मोजा

निधी गोळा करायच्या आधी हे, कारण सगळ्यात जवळचा पैसा इथे पडलेला असतो. शाळेच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचा, आणि वर्गात २२ मुलं असोत की ३० असोत, शिक्षक एकच लागतो, वीज तेवढीच जळते. म्हणजे त्या वर्गात आठ मुलं अर्ध्या फीवर आली तरी ती जवळजवळ सगळी रक्कम शाळेच्या हाती राहते, नवीन खर्च वह्या-परीक्षांचा तेवढाच. प्रत्येक इयत्तेचा तक्ता करा, जागा किती, भरल्या किती, मागच्या पाच वर्षांत कल कुठे आहे.

पण इथे एक फसवी गोष्ट आहे. हा हिशोब बाकं भरेपर्यंतच खरा असतो. ३१ वं मूल आलं आणि दुसरी तुकडी काढावी लागली की खर्च एकदम उडी मारतो, आणि अर्ध्या फीवर आलेली सगळी मुलं तोट्यात जातात. म्हणून सवलतीच्या जागा इयत्तेप्रमाणे आधीच ठरवा आणि तेवढ्याच द्या.

पटसंख्या कमी असेल तर जाहिरातीच्या आधी सोडून गेलेल्यांना फोन करा. का सोडलं? फी, अंतर, एखादा शिक्षक, गणित कच्चं, काय ते कळेल. नवीन मूल आणण्यापेक्षा असलेलं टिकवणं कितीतरी स्वस्त पडतं.

पायरी ३: फी, आणि गरीब मुलांचं काय

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. पारंपरिक विचार असा की फी सगळ्यांनाच कमी ठेवायची, म्हणजे गरिबाला परवडेल. ऐकायला बरं वाटतं पण होतं काय, तर ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत त्यालाही ३८ टक्के सूट मिळते आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ६२ सुद्धा जड जातात, तो येतच नाही. म्हणजे देणगीदारांचा पैसा ज्यांना नको त्यांच्यावर जातो. माझ्या मते फी हळूहळू खऱ्या खर्चाच्या जवळ न्यावी आणि गरजेप्रमाणे भरपूर मदत द्यावी. हे एका वर्षात करू नका, चार-पाच वर्षांत करा, आणि पुढच्या वर्षीची फी प्रवेश सुरू व्हायच्या आधी जाहीर करा.

मदत देताना काही गोष्टी पक्क्या ठेवा. अर्ज सगळ्यांना एकच. उत्पन्नाचे कागद सगळ्यांकडून, पॅरिश कौन्सिलच्या मेंबरकडूनही. निर्णय फादरांच्या एकट्याच्या हातात नको, त्यांच्यासाठीही ते त्रासाचं असतं, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) संपली की दारात लोक फी माफीसाठी उभे राहतात आणि जो जोरात बोलतो त्याला मिळतं. तीन जणांची छोटी समिती करा, नावं झाकून अर्ज बघा. कुणाला किती मिळालं हे शिक्षकांनासुद्धा कळता कामा नये. आणि शक्यतो प्रत्येक घराने काहीतरी भरावं, अगदी थोडं का होईना.

भावंडांची सूट हा वेगळाच विषय. तिसऱ्या मुलाला अर्धी फी ही पद्धत खूप ठिकाणी आहे पण ती गरज न बघता दिलेली सूट आहे. लगेच काढू नका, नवीन येणाऱ्यांना लावणं बंद करा आणि ती रक्कम गरजेच्या मदतीत टाका.

वसुलीचं थोडक्यात: हप्ते महिन्याचे, बँकेतून आपोआप कापले जाणारे. पहिला हप्ता चुकला की त्याच आठवड्यात फोन, दमदाटी नाही, फक्त विचारपूस, नोकरी गेली असेल तर मदतीचा अर्ज द्या. मार्चपर्यंत थांबून मग रिझल्ट अडवून ठेवणं हा प्रकार वाईटही आहे आणि पैसे मिळतही नाहीत.

पायरी ४: पॅरिश आणि धर्मप्रांत

अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा धर्मप्रांतात (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या पॅरिश) पॅरिशमध्ये सक्रिय असलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या मुलांना प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंत फी नाही, खर्च पॅरिश उचलते. तिथे लोकांना आपला वेळ, कौशल्य आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग द्यायची सवय कित्येक दशकं लावलेली आहे, ज्यांची मुलं शाळेत नाहीत तेही देतात. हे वाचून लोक म्हणतात आपणही करू. पण तिथे आधी माणसं चर्चमध्ये आली, मग पैसा आला, मग फी गेली. तुमच्याकडे रविवारची हजेरी निम्मी झाली असेल तर फी आधी काढून टाकली तर वर्षभरात शाळा बंद होईल.

जे कुठेही करता येतं ते असं. एक, शाळेला पॅरिशकडून येणारी रक्कम आधी ठरवा, दानाच्या उत्पन्नाचा अमुक टक्के. वर्षाअखेरीस जो तोटा येईल तो पॅरिशने भरायचा ही पद्धत दोघांनाही बुडवते, शाळेला काटकसरीची गरज वाटत नाही आणि पॅरिशला कधी किती द्यावं लागेल कळत नाही. दोन, ज्या पॅरिशला स्वतःची शाळा नाही तिनेही वाटा द्यावा, तिची मुलं शेजारच्या पॅरिशच्या शाळेत जातातच की. हे फक्त बिशपच करू शकतात, फादर-फादरमध्ये बोलून होत नाही. तीन, हिशोब भाविकांसमोर ठेवा. चर्चच्या कायद्यातच आहे, कॅनन (म्हणजे त्या कायद्याचं कलम) १२८० प्रमाणे अशा संस्थेला फायनान्स कौन्सिल किंवा निदान दोन सल्लागार हवेत, आणि कॅनन १२८७ म्हणतो की भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब त्यांना द्यावा. तरी नोटीस बोर्डवर एक पान लागत नाही.

पायरी ५: देणगी, तीन वेगळे डबे

देणगी मागायच्या आधी तीन खाती वेगळी करा. पहिलं वार्षिक निधी, जो दरवर्षी मागायचा आणि त्याच वर्षी फी मदतीला वापरायचा. दुसरं बांधकाम, लॅब, छप्पर. तिसरं कॉर्पस, ज्याचं मुद्दल हलवायचं नाही. देणगीदाराने ज्या कामाला दिलं त्याच कामाला वापरायचं हे कॅनन १२६७ मध्येच आहे, आणि बहुतेक देशांच्या कायद्यातही. लॅबच्या पैशातून दोन महिने पगार भागवला, नंतर परत टाकू, हे इतकं सर्रास चालतं की कुणाला चुकीचंही वाटत नाही. परत टाकलं जात नाही.

वार्षिक निधीला माजी विद्यार्थी सगळ्यात महत्त्वाचे आणि त्यांची यादीच शाळेकडे नसते. जुनी रजिस्टरं काढा, बॅचवार एक-एक माणूस धरा जो आपल्या वर्गाला शोधेल. पहिल्या वर्षी पैसे मागू नका, शाळेची बातमी पाठवा, वर्षातून तीन-चार वेळा. मागताना रक्कम ठरवून मागा, "एका मुलाची वर्षाची मदत इतकी, तुम्ही दरमहा त्यातला एवढा भाग द्याल का". दरमहा थोडं देणारे शंभर जण एका मोठ्या देणगीदारापेक्षा भरवशाचे, एकाने सोडलं तरी ९९ राहतात.

यावर अमेरिकेतल्या मेम्फिसची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या धर्मप्रांताने गरीब वस्त्यांतल्या बंद पडलेल्या शाळा १९९९ पासून पुन्हा उघडल्या, निनावी देणगीदारांनी मोठी रक्कम दिली म्हणून. या ज्युबिली शाळा, बहुतेक मुलं गरीब घरची, बरीचशी कॅथलिकही नव्हती, काम खरंच चांगलं होतं. पण फी नावापुरती, निधी आटत गेला, आणि २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं की २०१८-१९ हे शेवटचं वर्ष. वीस वर्षं हजारो मुलं शिकली, याला मी अपयश म्हणणार नाही, पण एका मोठ्या देणगीवर दरवर्षीचा खर्च टेकवला की शेवट कुठे जातो ते यात दिसतं.

कॉर्पसचं गणित सोपं आणि निराश करणारं आहे. मुद्दल महागाईत झिजू नये म्हणून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच काढायचे, तेही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी किमतीवर म्हणजे बाजार पडला तरी धक्का बसत नाही. ४ टक्क्यांनी बघितलं तर दरवर्षी जितके पैसे हवेत त्याच्या २५ पट कॉर्पस लागतो. म्हणून कॉर्पसने शाळा चालेल हे स्वप्न सोडा, पाच-दहा मुलांच्या मदतीपासून सुरू करा, मृत्युपत्रातून येणारा पैसा नियमाने इथेच टाका. जिथे व्याजदरच महागाईपेक्षा खाली आहेत तिथे ४ टक्केसुद्धा जास्त होतात हेही बघा.

आणि कॉर्पस कुणाच्या नावावर आहे? हा प्रश्न वकिलाला विचारा. २००४ मध्ये अमेरिकेतला पोर्टलंडचा महाधर्मप्रांत (आर्चबिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत) लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीत गेला, असं करणारा तिथला पहिलाच, आणि तेव्हा कोर्टात वाद हाच होता की पॅरिश आणि शाळांची मालमत्ता महाधर्मप्रांताची धरायची की नाही. शाळेचा निधी वेगळ्या ट्रस्टमध्ये, वेगळ्या विश्वस्तांकडे असला की देणगीदारही जास्त विश्वासाने देतात.

पायरी ६: सरकारी पैसा, घ्यावा पण कसा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या बैठकीच्या) शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात (२८ ऑक्टोबर १९६५) स्पष्ट म्हटलंय की सरकारी अनुदान असं वाटलं जावं की पालकांना शाळा निवडायचं खरं स्वातंत्र्य मिळेल. म्हणजे मागण्यात लाजायचं काही नाही. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. इंग्लंडमध्ये व्हॉलंटरी एडेड (बहुतेक चर्चच्या, पण सरकारी पैशावर चालणाऱ्या) शाळांचा रोजचा खर्च सरकार देतं, बांधकामाच्या खर्चात शाळेच्या बाजूने साधारण १० टक्के घालावे लागतात. कॅनडात ओंटारिओमध्ये कॅथलिक शाळांना पूर्ण सरकारी पैसा आहे, त्याची मुळं १८६७ च्या घटनेत.

ऑस्ट्रेलियाचा किस्सा तर भारीच. १९६२ मध्ये गोल्बर्न गावात एका कॅथलिक शाळेला सरकारने जास्त टॉयलेट बांधायला सांगितले, पैसे नव्हते, तेव्हा गावातल्या कॅथलिक लोकांनी आपल्या सगळ्या शाळा काही दिवस बंद केल्या आणि मुलांना सरकारी शाळांत नाव घालायला पाठवलं. तिथे अर्थातच सगळ्यांना पुरेल इतकी जागा नव्हती. आम्ही शाळा चालवतो म्हणून सरकारचा किती खर्च वाचतो हे भाषण न करता सगळ्यांना दिसलं, आणि पुढच्या काही वर्षांत केंद्र सरकारचा पैसा यायला लागला, सुरुवात सायन्स लॅबपासून. तुमच्या शाळेतली मुलं उद्या सरकारी शाळेत गेली तर सरकारला किती खर्च येईल हा आकडा काढून ठेवा, निवेदनात याच्याइतकं काही चालत नाही.

अमेरिकेत सरळ अनुदान नाही पण पालकांच्या हातून पैसा येतो. २००२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने क्लीव्हलँडच्या व्हाउचर (पालकांना खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे) योजनेला मान्यता दिली, आणि २०२२ मध्ये मेन राज्याच्या केसमध्ये सांगितलं की खाजगी शाळांना पैसे देणारी योजना असेल तर शाळा धार्मिक आहे म्हणून तिला वगळता येणार नाही. २०२५ च्या कायद्याप्रमाणे २०२७ पासून शिष्यवृत्ती संस्थांना दान देणाऱ्याला १७०० डॉलरपर्यंत केंद्रीय करात सूट मिळेल, राज्याने होकार दिला असेल तर.

आता दुसरी बाजू. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये चर्चच्या शाळांना घटनेतच संरक्षण होतं, तरी १९९७ मध्ये जनमत घेतलं गेलं, घटना बदलली आणि १९९८ मध्ये ती सगळी व्यवस्था संपली. म्हणून दरवर्षी एक बजेट असं करा ज्यात अनुदान तीन महिने उशिरा येतं, आणि दुसरं ज्यात ते निम्मं होतं. पहिल्यासाठी राखीव रक्कम बाजूला हवी, दुसऱ्यासाठी निदान योजना कागदावर. पैशासोबत कुठल्या अटी येतात, प्रवेश कुणाला द्यायचा, शिक्षक कोण नेमणार, धर्मशिक्षणाचा तास राहणार का, हे सही करण्याआधी वाचा, नंतर नाही.

पायरी ७: शाळेने स्वतः कमावणं

सगळ्यात धाडसी मॉडेल क्रिस्तो रे. १९९६ मध्ये शिकागोत जेझुइटांनी (एका कॅथलिक धर्मसंघाने) सुरू केलं, गरीब घरच्या हायस्कूलच्या मुलांसाठी. चार मुलं मिळून एका ऑफिसातली एक पूर्णवेळ नोकरी वाटून घेतात, प्रत्येक जण महिन्याला साधारण पाच दिवस कामावर जातो, आणि कंपनी पैसे शाळेला देते. त्यातून खर्चाचा मोठा भाग निघतो आणि मुलाला कामाचा अनुभवही मिळतो. आज अशा शाळांचं मोठं नेटवर्क आहे. पण याला मोठं शहर, पुष्कळ कंपन्या, किशोरवयीन मुलांच्या कामाचे कायदे आणि मुलांची रोजची ने-आण एवढं सगळं लागतं, छोट्या गावात विचारसुद्धा करू नका.

बाकी नेहमीचं, हॉल आणि मैदान भाड्याने, संध्याकाळचे क्लास, सुट्टीतले कॅम्प. यात झाडलोट, वॉचमन, वीज, तुटलेल्या खुर्च्या धरून हिशोब करा, बऱ्याचदा उरतं फारच थोडं.

जमीन असेल तर विकू नका, दीर्घ मुदतीने भाड्याने द्या. ठरावीक किमतीपेक्षा महाग अशी चर्चची मालमत्ता विकायला वरिष्ठांची परवानगी लागतेच, पण परवानगी मिळाली तरी जमीन विकून पगार देणं म्हणजे बियाणं शिजवून खाणं.

पायरी ८: एकट्याने चालवू नका

आजूबाजूच्या चार-पाच शाळांचा अकाउंट्स, पगारपत्रक, खरेदी, विमा, निधी गोळा करणारा माणूस एकच ठेवला तर प्रत्येकीचा खर्च कमी होतो आणि कामही जास्त चांगलं होतं. न्यूयॉर्कमध्ये २०१३ पासून हार्लेम आणि साऊथ ब्राँक्समधल्या सहा कॅथलिक शाळा एका स्वतंत्र संस्थेकडे चालवायला दिल्या गेल्या, श्रद्धेची बाजू महाधर्मप्रांताकडे, बाकी कारभार संस्थेकडे. असं काही करायचं तर कोण काय ठरवणार हे लिहून घ्या: मुख्याध्यापक कोण नेमणार, बजेट कोण पास करणार, फादरांचा शब्द कुठे शेवटचा आणि कुठे नाही. बोर्डावर एक अकाउंटंट, एक वकील, एक शिक्षणातला माणूस आणि निदान एक पालक हवा, आणि मुदत तीन वर्षांची, नाहीतर तेच चेहरे वीस वर्षं बसतात.

आणि बंद करायची वेळ आली तर

याचे निकष शाळा ठीक चालू असतानाच ठरवून ठेवा. पटसंख्या अमुकच्या खाली सलग तीन वर्षं, राखीव रक्कम तीन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी, पॅरिशची मदत ठरलेल्या टक्क्याच्या वर गेली, यातल्या दोन गोष्टी झाल्या की जवळच्या शाळेत विलीन करायची चर्चा सुरू करायची. निर्णय झाला तर पालकांना दुसऱ्या शाळांचे प्रवेश उघडायच्या आधी सांगा, परीक्षा झाल्यावर नाही. शिक्षकांची देणी आधी चुकती करा. अमुक शाळेसाठी म्हणून आलेल्या कॉर्पसचं काय करायचं ते देणगीदारांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून, लेखी घेऊन ठरवा, आणि रजिस्टरं, दाखल्यांचे रेकॉर्ड कुठे राहणार याची नोटीस लावा, कारण दाखला मागायला लोक तीस वर्षांनीही येतात.